दोन चमचे घ्या

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्याला सगळे क्रेन म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण ते कुणी वापरत नसे. वय एक्केचाळीस. उंची बेताची, पण खांदे असे की दारातून आत शिरताना तो नकळत थोडा तिरका व्हायचा. अठराव्या वर्षापासून तो दुसऱ्यांची घरं उचलून एकीकडून दुसरीकडे नेत आला होता. कपाटं, फ्रीज, पलंग, कपडे धुण्याची यंत्रं, आणि कधीतरी कुणाचा पियानोसुद्धा. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं, बाकीच्यांनी हात टेकले, की खालून आरोळी यायची, "अरे, क्रेनला बोलवा!" मग तो सावकाश वर यायचा, पट्टा खांद्यावरून घ्यायचा, गुडघ्यात वाकायचा आणि म्हणायचा, "आधी पाय फिरवा, मग कपाट." कपाट निमूट वळायचं. घरमालकीण तोंडावर हात ठेवून म्हणायची, "अगंबाई, केवढी ही ताकद!" तेवढ्या एका वाक्यावर त्याचा दिवस निघायचा.

कौतुकाची ही भूक त्याला लहानपणापासूनच होती. शाळेत डोकं फारसं चाललं नाही, बोलण्यात तो कुणापुढे हरणारा नव्हता पण जिंकणाराही नव्हता. अंग तेवढं होतं. त्यामुळे कुणी अंगाबद्दल काही बोललं की तो विरघळायचा.

त्यांच्या गोदामापासून चार इमारती सोडून एक जिम होती आणि जिमच्या खाली, रस्त्याच्या तोंडाशी, पावडरींचं दुकान होतं. प्रोटीनचे मोठमोठे डबे, व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी, व्यायामानंतरच्या गोळ्या, चरबी जाळणारी कॅप्सूल. दुकानदाराला काचेचं जड शोकेस एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवायचं होतं. कंपनीने दोघांना पाठवलं, पण दुसरा गाडी लावायला गेला तोवर क्रेनने ते एकट्याने सरकवून टाकलं, काचेला ओरखडा न येऊ देता. दुकानदार बघतच राहिला.

"दादा, काय घेता तुम्ही?"

"चहा चालेल," क्रेन म्हणाला.

दुकानदार पोट धरून हसला. मग म्हणाला, "तसं नाही हो. पावडर कुठली घेता?"

क्रेन पावडर घेत नव्हता. घरी बायको जे वाढेल ते दोनदा वाढून घ्यायचा, एवढंच त्याचं गुपित. पण तो नुसता हसला. दुकानदाराला तेवढं पुरलं. आठवड्याभरात त्याने फोटो काढणाऱ्याला बोलावलं, क्रेनचा शर्ट उतरवला, अंगाला तेल चोळलं, दिव्यांच्या उजेडात उभं केलं आणि हातात एक लाल डबा दिला. व्यायामाआधी घ्यायची पावडर. तो फोटो माणसाच्या उंचीचा होऊन दुकानाच्या दारात लागला. खाली ठळक अक्षरं: माझ्या ताकदीचं गुपित. बदल्यात जिम फुकट आणि दर महिन्याला एक लाल डबा.

पहिल्यांदा तो फोटो पाहायला तो बायकोला घेऊन गेला. बायकोने फोटो पाहिला, त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अहो, शर्ट तरी घालायचा होता." पण तीही मनातून खूश होती.

डबा घरी आला तेव्हा त्याने प्रामाणिकपणे एक चमचा पाण्यात ढवळून घेतला. फोटोत म्हटलंय तर घ्यायला हवं, असं त्याला वाटलं. अर्ध्या तासात ओठांना मुंग्या आल्या, कान तापले, छातीत कुणी आतून दार ठोठावल्यासारखी धडधड सुरू झाली. आणि मग पोट. त्या दिवशी ते एका जोडप्याला नव्या घरात सोडत होते. त्या घरातला नवाकोरा संडास घरमालकाच्या आधी क्रेनने वापरला, तोही तीनदा. सोबत्यांनी त्यावरून महिनाभर त्याची टर उडवली. पावडरचं मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. तो डबा आणि नंतर आलेले डबे कपाटाच्या वर एकावर एक चढत गेले.

जिममध्ये लोक विचारायचे, "किती घेता? कधी घेता? रिकाम्या पोटी की खाऊन?" तो म्हणायचा, "ज्याचं त्याने बघावं." खोटं बोललो नाही असं त्याला वाटायचं. खरंही बोलत नव्हता, ते तो मनावर घेत नसे.

त्याला एकच धाकटी बहीण. तिला सगळे छोटी म्हणायचे. दोन पोरांची आई झाली तरी छोटीच. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या एका गल्लीत त्याचं हातभर रुंदीचं दुकान होतं: एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी वीस-पंचवीस घड्याळं. माणूस काडीसारखा. बोटं लांबसडक, आवाज मऊ. केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून तो श्वास न सोडता जागेवर बसवायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, याचे हात म्हणजे दगडी ओटा, हलत नाहीत.

लग्नाच्या दिवशी क्रेनने भर मांडवात एक विनोद केला होता. "अरे, तो पंखा बंद करा कुणीतरी, नवरदेव उडतील!" मांडव हसला. नवरदेवही हसला. पंधरा वर्षं झाली तरी चार माणसं जमली की क्रेन पंख्याकडे बोट दाखवायचा आणि सगळे हसायचे. दाजीही हसायचे. तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा, अहोजाहो करायचा, मान द्यायचा. विनोद करायचाच तेवढा, पण त्यात वाईट काय, ते स्वतःच हसतात की.

त्या फोटोनंतर एका रविवारी छोटी आणि दाजी जेवायला आले होते. जेवणं झाली, बायका आत भांडी आवरत होत्या, पोरं टीव्हीपुढे. दाजी गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"दादा, एक विचारू?"

"विचारा की."

"ते पावडरचं. हसू नका. खरंच फरक पडतो का हो त्याने?"

नंतर क्रेनला हा क्षण किती वेळा आठवला असेल. सांगून टाकायला किती सोपं होतं! "छे हो, मी कुठे घेतो, फोटोपुरता धरलाय डबा." एवढंच. दोघं हसले असते, विषय तिथेच संपला असता. पण दाजींनी पंधरा वर्षांत त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि विचारताना ते त्याच्या खांद्याकडे असे बघत होते, की त्याला भरून आलं.

"पडतो म्हणजे?" तो म्हणाला. "हे बघा." आणि त्याने दंड आवळून दाखवला.

कपाटावरचे दोन डबे त्याने खाली काढले, फडक्याने पुसले आणि दाजींच्या हातात दिले. छोटी हात पुसत बाहेर आली. "दादा, अरे केवढं महागाचं असतं ते!"

"घरच्या माणसाला द्यायचं नाही तर कुणाला देऊ?" तो म्हणाला. छोटीने डब्यांकडे आणि मग भावाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतला अभिमान पाहून त्याची छाती आणखी दोन बोटं फुगली.

दाजी घराजवळच्या एका जिममध्ये सकाळी जायला लागले.

तीन आठवड्यांनी क्रेन बायकोच्या घड्याळाचा पट्टा बदलायला त्यांच्या दुकानात गेला. दाजी भिंग लावून एका जुन्या घड्याळावर वाकले होते. एक मोहरीएवढा स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटला. त्यांनी तो शोधला, उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, थंडी वाजल्यासारखे.

"काय झालं दाजी?"

"काही नाही. एवढ्यात हात थरथरतात जरा. झोपही लागत नाही धड. आणि इथे," त्यांनी छातीवर बोट ठेवलं, "भलतंच जोरात चालतं. पावडरने होत असेल का?"

क्रेनला स्वतःची धडधड आठवली. अगदी स्पष्ट आठवली. मुंग्या, तापलेले कान, तो नवाकोरा संडास. ते सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण आता सांगायचं म्हणजे गॅलरीतलंही सांगावं लागणार, दुकानातल्या फोटोचंही, आणि छोटीच्या नजरेतला तो अभिमानही परत द्यावा लागणार.

"होतं सुरुवातीला," तो म्हणाला. "मलाही झालं होतं. अंगाला सवय लागेपर्यंत."

"मग काय केलंत?"

जिममध्ये कुणीतरी कुणाला सांगताना ऐकलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आयतं आलं. "उलट तुम्ही कमी घेताय. अंग मागतंय आणि तुम्ही देत नाही. दोन चमचे घ्या."

दाजींनी मान हलवली. त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. पट्ट्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी क्रेन आणि त्याचा जोडीदार चौथ्या मजल्यावरून सागवानी कपाट उतरवत होते. कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, सगळं वजन क्रेनच्या खांद्यावर, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. चार वेळा.

"घे तरी," जोडीदार वरून म्हणाला.

"कसा घेऊ? हात कुठायत मला?"

खाली उतरून, कपाट गाडीत बांधून त्याने फोन पाहिला. चारही छोटीचे. त्याने लावला तर तिकडून नुसता श्वास ऐकू आला आणि मग, "दादा, हे दुकानात टेबलावरच पडले. गिऱ्हाइकाने आणलं इस्पितळात. तू ये ना लवकर."

तो कंपनीच्या कपड्यांतच धावला. इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, हृदयाच्या विभागाबाहेर, छोटी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर दाजींचं भिंग होतं. कुणीतरी ते त्यांच्या कपाळावरून काढून तिच्या हातात दिलं असणार. त्याला पाहून ती उठली आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. तिला त्या दंडाचा अजून आधार वाटत होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. बारीक चणीच्या, चष्म्याच्या, फार दमलेल्या. म्हणाल्या, "ठोके आवरले आहेत आता. जिवावरचं टळलं. पण मला एक सांगा, हे काही घेत होते का? गोळ्या, पावडर, काहीही?"

"व्यायामाची पावडर," छोटी म्हणाली. "सकाळी उपाशी पोटी दोन चमचे. पण ती त्रासाची नाही हो डॉक्टर. माझा हा भाऊ तीच घेतो. वर्ष झालं घेतोय. बघा ना याच्याकडे."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही रोज किती घेता?"

तेवढ्यात त्याची बायकोही धापा टाकत जिना चढून आली होती. बाकावर अजून दोन अनोळखी माणसं होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. आयुष्यात कुठल्या कपाटाने त्याला असं दाबलं नव्हतं.

"मी घेत नाही," तो म्हणाला.

"कधी बंद केलीत?"

"घेतलीच नाही. एकदा घेतली होती. मला सोसली नाही."

छोटीचा हात त्याच्या दंडावर होता. तो तिने झटकून काढला नाही. अगदी हळू, एकेक बोट सोडवत काढून घेतला. झटकला असता तर बरं, असं त्याला वाटलं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली जणू कुणी अनोळखी माणूस चुकीच्या घरात शिरलाय आणि त्याला बाहेर जा म्हणायचं तिला सुचत नाहीये.

"तुला सोसली नाही," ती म्हणाली. "आणि तू यांना दिलीस."

त्याच्या बायकोने खाली मान घातली. कपाटावर डबे कशाला साठवताय, असं तिने दोनदा विचारलं होतं.

त्याला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून त्याने डॉक्टरबाईंना विचारलं, "विष असतं का हो त्यात?"

"विष नाही," त्या म्हणाल्या. "या व्यायामाआधीच्या पावडरीत मुख्यतः कॅफिन असतं. एका चमच्यात दोन-तीन कप कडक कॉफीइतकं, कधी जास्तच. तरतरी येते, थोडा जोर चढल्यासारखा वाटतो. ताकद येत नाही. धडधाकट माणूस बहुतेक वेळा निभावून नेतो. यांच्या ठोक्यांत जन्मापासून एक बारीक दोष आहे, कधी कळलाच नसेल. यांना तेवढंही जड होतं."

"मग लोक घेतात ते सगळंच फुकट?" बाकावरच्या एका माणसाने मध्येच विचारलं. बहुतेक त्याचा स्वतःचाच प्रश्न होता.

डॉक्टरबाई त्याच्याकडे वळल्या. "सगळंच नाही. ज्याला जेवणातून पुरेसं प्रोटीन मिळत नाही त्याला ती पावडर सोयीची पडते. पण दूध, अंडी, कडधान्यं पोटभर खाणाऱ्याला तिची गरज नाही. क्रिएटिन म्हणून एक असतं, वजनं उचलणाऱ्यांना त्याचा थोडाफार उपयोग होतो, तेही वजनं उचलली तर. बाकी बरंचसं नुसतं छान डब्यात भरलेलं असतं. आणि काहीही घ्यायचं तर आधी तपासून, विचारून." मग त्या पुन्हा क्रेनकडे वळल्या. "यांनी दोन चमचे घेतले होते, तेही उपाशी पोटी. एखाद्या जाहिरातीत बघून कुणी एक घेतं, ते समजू शकते मी. दोन कुणी सांगितले, देव जाणे."

ते मात्र क्रेनने तिथे कबूल केलं नाही.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला त्याला आत सोडलं. दाजींच्या छातीवर वायरी होत्या, उशाशी यंत्र टिकटिक करत होतं. चेहरा मेणासारखा. पण हात चादरीवर पडले होते ते स्थिर होते. क्रेन पायाशी उभा राहिला, खांदे आत ओढून, जणू त्या खोलीत आपण जास्त जागा घेतोय.

"हिने सांगितलं," दाजी म्हणाले. "तुम्ही घेतच नव्हता."

"नव्हतो."

"मग हे अंग कशाने झालं?"

"कपाटांनी," क्रेन म्हणाला.

दाजींना हसू आलं. हसता हसता यंत्राची टिकटिक वाढली आणि नर्स धावत आली. "त्यांना हसवू नका हो!" ती क्रेनवर खेकसली. तो काही हसवायला गेला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही त्याला लाज वाटली.

नर्स गेल्यावर दाजी हळूच म्हणाले, "दोन चमच्यांचं मी हिला बोललो नाही. डब्यावर वाचून घेतले म्हणून सांगितलंय."

"का?"

"तिला तुम्ही एकच भाऊ आहात."

शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाल्ल्या असत्या. कुणी मारलं असतं तर तो उभा राहिला असता. पण ज्या माणसाला पंधरा वर्षं त्याने पंख्याखाली उभं करून हसं केलं, त्याने पडल्या पडल्या त्याची अब्रू झाकली होती. तो "बरं" म्हणाला. बरं! एवढंच सुचलं. जिना उतरताना प्रत्येक पायरीला त्याला तो शब्द आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पावडरींच्या दुकानात गेला. दारात तो स्वतःच उभा होता, तेलकट आणि हसरा. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दाजींची चौकशी केली, खुर्ची पुढे केली.

"पण फोटो कशाला काढायचा? खोटं काय आहे त्यात? तुम्ही खरे आहात, डबा खरा आहे."

"खाली लिहिलंय ते?"

"ते तर जाहिरातीत लिहितातच, दादा."

"तुम्ही घेता ही पावडर?"

"मी?" दुकानदार दचकलाच. "छे हो. मला ब्लडप्रेशर आहे."

मग दुकानदाराने स्वतः स्टूल आणलं, फोटो उतरवला आणि गुंडाळून त्याच्या हातात दिला. पण तो फोटो तोवर पुष्कळ फोनांमधून फिरला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

क्रेनने मनाशी ठरवलं, विचारेल त्याला खरं सांगायचं. जिममध्ये त्याने सांगायला सुरुवात केली. "मी कधी काही घेतलं नाही. माझ्या मेहुण्याचा जीव जाता जाता वाचला." लोक ऐकायचे, हळहळायचे. मग एक जण जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बरोबर आहे. ती पावडर फालतूच आहे. मग तुम्ही खरं काय घेता?" दुसरा म्हणाला, "सांगायचं नसेल तर नका सांगू दादा, पण असं तोंडावर खोटं नका बोलू." खोटं त्यांनी एका फोटोवरून मानलं होतं, खरं तो शपथेवर सांगत होता तरी कुणी मानेना. शेवटी त्याने जिमला जाणंच सोडलं. गोदामात जोडीदारांना सांगितलं तेव्हा त्यांनी नव्याकोऱ्या संडासाची आठवण काढून एकदा हसून घेतलं, आणि मग त्याचा चेहरा बघून ते हसणं तिथेच विरलं. त्यानंतर त्याच्यापुढे कुणी पावडरचं नाव काढलं नाही.

दाजी घरी आले. गोळ्या सुरू झाल्या. पंधरा-वीस दिवसांनी ते दुकानात तास-दोन तास बसायलाही लागले. छोटीने मात्र भावाला फोन केला नाही. वहिनीशी बोलायची, पोरांची खुशाली विचारायची, आणि "दादाला देऊ का?" म्हटलं की म्हणायची, "नको, गॅसवर दूध आहे." रोज तिचं दूध गॅसवर असायचं.

"अहो, तुम्हीच जाऊन या," बायको म्हणाली. "माफी मागा. किती दिवस असं चालणार?"

"तिला अजून सगळं माहीत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याने बायकोला दोन चमच्यांचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "तर मग जाच."

तो सुट्टीच्या दिवशी सकाळी गेला. छोटीने दार उघडलं, बाजूला झाली. ये म्हणाली नाही, येऊ नकोही म्हणाली नाही. दाजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. छोटी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. तो पलंगाच्या कडेवर टेकला.

"छोटी, तुला एक सांगायचंय."

"दादा, राहू द्या ना," दाजी पेपरामागून म्हणाले.

"नाही. मी दुकानात गेलो होतो, हे पडायच्या नऊ दिवस आधी. यांचे हात थरथरत होते. यांनी मला विचारलं, पावडरने होत असेल का. मला माहीत होतं. मलाही तसंच झालं होतं. तरी मी सांगितलं, सवय होईल. दोन चमचे घ्या, असं मी म्हणालो. डब्यावर नव्हतं ते. मी म्हणालो."

छोटी हातातल्या शर्टाची घडी घालत होती. तिने ती पूर्ण केली, हाताने दाबून सपाट केली, बाजूला ठेवली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मला खोटं सांगितलंत."

दाजींनी पेपर खाली घेतला. "हो."

"आणि तुझ्या डोळ्यांदेखत यांचे हात थरथरत होते?" ती भावाकडे न बघता म्हणाली.

"हो."

"घड्याळवाल्याचे हात. आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. पण लाज वाटत होती. आपण उघडे पडू म्हणून."

"मग आता?"

ती उठली. आवाज चढला नाही तिचा, तो चढेल याची तो वाट बघत होता. "तू जा आता," ती म्हणाली. "मला तुझ्याशी नीट बोलता येणार नाही आज. उद्याही येणार नाही. कधी येईल ते मला माहीत नाही. तू जा."

तो उठला. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांतून जड सामान घेऊन तो सहज उतरला होता, आणि बहिणीच्या घरून रिकाम्या हातांनी उतरताना त्याला कठडा धरावा लागला.

खाली आला तर मागून पावलं वाजली. दाजी होते. स्वेटर घालून, सावकाश उतरत.

"तुम्ही कशाला आलात? चढ-उतार नको म्हणालेत ना?"

"चालायला सांगितलंय. रोज अर्धा तास, सपाटीवर." ते त्याच्या शेजारी चालू लागले. क्रेनची पावलं लांब पडत होती. त्याच्या लक्षात आलं तशी त्याने ती आखडती घेतली. कोपऱ्यावरच्या बुटक्या भिंतीवर दाजी दम खायला बसले. तोही बसला.

"रागावली आहे," दाजी म्हणाले. "माझ्यावरही."

"तुमच्यावर कशाला? चूक माझी."

"मी झाकलं म्हणून. बरोबर आहे तिचं." त्यांनी थोडा श्वास घेतला. "मला वाटायचं, तुमच्यासारखं अंग झालं तर तुम्ही तो पंख्याचा विनोद सोडाल."

समोरून एक सायकल गेली, एक बाई पिशवी सावरत गेली. "दाजी," तो शेवटी म्हणाला, "माझं चुकलं. पहिल्या दिवसापासून चुकलं."

"हं," दाजी म्हणाले. नाही कुठे, जाऊ द्या, असलं काही ते बोलले नाहीत. आणि त्याबद्दल क्रेनला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

जरा वेळाने ते म्हणाले, "सकाळी चालायला येता का? एकट्याला कंटाळा येतो."

"छोटीला चालेल?"

"वर येऊ नका. खाली थांबा."

तेव्हापासून, कामाला जायच्या आधी, सव्वासहाला क्रेन त्या इमारतीखाली उभा असतो. दाजी उतरतात, दोघं सपाट रस्त्याने हळूहळू चालून येतात. दाजी घड्याळांबद्दल बोलतात, हा ऐकतो. कधीकधी वर खिडकीत छोटी कपडे वाळत घालताना दिसते. खाली कोण उभं आहे हे तिला माहीत असतं. ती खाली बघत नाही, आणि तोही तिला हाक मारत नाही. चार महिने झाले. अजून त्याला वर बोलावलेलं नाही.